जुन्या कॉन्व्हेंटच्या वास्तूत कारागिरांच्या कार्यशाळा: कुठल्या खोलीत काय बसवावं? (सोलापूर)

दगडी_जोतं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात सिस्टर लोकांच्या जुन्या निवासाची एक वास्तू कार्यशाळांसाठी मिळण्याची शक्यता आहे. बोलणी चालू आहेत, म्हणून नाव-पत्ता देत नाही. मापं देतो, त्यावर बोला.

मधे ४० बाय ४० फुटांचा चौक, चारी बाजूंनी ६ फुटी व्हरांडा. तळमजल्यावर राहायच्या ९ खोल्या, प्रत्येकी ८ बाय १०, दार अडीच फुटी. वर तशाच ९. प्रार्थनागृह ५० बाय २०, उंची १८ फूट, खिडक्या जमिनीपासून ५ फुटांवर. जेवणघर ३० बाय १६. स्वयंपाकघर मागे सुटं, धुराडं शाबूत. आवारात एक आड, पाणी जड. भिंती दोन फुटी, काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या. खाली शहाबादी फरशी. वरचा मजला लाकडी तुळया आणि फळ्यांचा, त्यावर मंगलोरी कौल. खालच्या भिंतींना कुणीतरी तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारलाय. त्याच्या वरच्या भागात पांढरं फुगून पापुद्रे पडतात.

बसवायचंय ते असं: वॉल हँगिंग आणि चादरीचे चार हातमाग, सुताची रंगाई, ब्लॉक प्रिंटिंग, शिलाई, सुतारकाम, कुंभारकाम. खोल्यांमधल्या भिंती पाडून मोठे हॉल करावेत असा एक विचार आहे. सल्ला द्या.

चुनाघाणी

भिंती पाडायचा विचार आजच सोडा. वरच्या मजल्याच्या तुळया आठ फुटी गाळ्यावर टेकल्यात, म्हणजे त्या याच आडव्या भिंतींवर बसल्यात. शिवाय बाहेरच्या लांब भिंतीला आडवा आधार याच भिंती देतात. खाली काळी माती. एक भिंत काढून लोखंडी गर्डर टाकला की सगळा भार दोन टोकांवर एकवटतो आणि तिथलंच जोतं खचतं. भेग दिसायला एक पावसाळा पुरतो.

आता तुमच्या पांढऱ्या पापुद्र्यांकडे. याला आपल्याकडे लोणा म्हणतात. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, येताना क्षार आणतं. चुन्याच्या भिंतीत ते पृष्ठभागावर येऊन सुकतं, क्षार बाहेर पडतो, झाडला की झालं. तुम्ही सांगताय तिथे खालचे तीन फूट सिमेंट आणि ऑइलपेंटने बंद केलेत. पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ते आणखी वर चढून चौथ्या फुटावर फुटतंय. सिमेंट आणखी वर नेलं तर लोणाही वर जाईल.

क्रम असा ठेवा.

पहिलं, पाणी कुठून येतंय ते बघा. पन्हाळी, गळका नळ, भिंतीलगतची बाग, चौकाचा उलटा उतार. चौकाचं पाणी भिंतीपासून लांब गेलं पाहिजे. बाहेरून भिंतीलगत तीन फुटी पट्टा बाहेरच्या उताराने करा.

दुसरं, सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर नको, दगडाच्या कडा उडतात आणि आतली भर हलते. काढल्यावर लगेच गिलावा करू नका. एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी राहू द्या. आपला एप्रिल-मे या कामाला फुकटचा ड्रायर आहे. बाहेर येणारा क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा. धुवायचा नाही. धुतला की विरघळून परत आत.

तिसरं, सांधे. सांधा जितका रुंद त्याच्या दुप्पट खोल खरडायचा, निदान एक इंच. आत पाणी मारायचं, मग चुना. कळीचा चुना टाकीत विझवून कमीत कमी तीन आठवडे मुरू द्या, वर दोन इंच पाणी कायम. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. ओल जास्त आहे त्या पट्ट्यात वाळूतला एक भाग कमी करून सुरखी घाला, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची भुकटी. कच्च्या विटेची सुरखी ही नुसती माती, तिने चुना धरत नाही.

वाळूची परीक्षा बरणीत करा. अर्धी बरणी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा थर साचतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर ती वाळू परत पाठवा. क्रश सँड असेल तर धुतलेलीच घ्या.

आणि वेळ. चुन्याचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सोलापुरात दुपारी लावलेला चुना संध्याकाळी पावडर होतो. चुना धरतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, आणि त्याला ओल लागते. प्रत्येक थराला सात दिवस ओलं गोणपाट. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. वरून चुन्याची सफेदी, पातळ, तीन-चार हात. प्लास्टिक पेंट मारलात तर वरचं सगळं वाया.

दगडी_जोतं

भिंती पाडत नाही. पण प्रार्थनागृहाच्या एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. ती भरून घ्यावी का?

चुनाघाणी

लगेच भरू नका. तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग म्हणजे बहुतेक वेळा जोतं हलतंय. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, भेग त्याप्रमाणे उघडमीट करते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर महिन्याला मोजा. मे ते ऑक्टोबर असं एक चक्र बघा. काच फुटली नाही तर भेग जुनी, चुन्याने भरा. फुटली तर इंजिनिअर बोलवा आणि तोवर त्या भिंतीजवळ जड काही ठेवू नका. भेगेजवळ बाहेरच्या बाजूला झाड किंवा पाण्याची टाकी आहे का तेही बघा. मूळ तिथेच असतं, शब्दशः.

धोटा_फणी

मालक, मागांचं सांगतो.

८ बाय १० च्या खोलीत ४८ इंची फणीचा, म्हणजे तेवढ्या रुंदीचं कापड विणणारा माग बसवायला जाऊ नका. मागाची लाकडी चौकट सहा फुटांपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना फूट-फूट उरतो, त्यातून माणूस मागे जाऊन तुटलेली तार सांधू शकत नाही. दारातून चौकट सुटी करून आत जाईल, बीमसुद्धा (ताण्याचे, म्हणजे लांबीचे धागे गुंडाळलेला रूळ) उभा घालून जाईल, पण आत गेल्यावर रोज कसरत. त्या खोल्यांत ३६ इंचांच्या आतले माग किंवा वॉल हँगिंगची उभी चौकट ठेवा. उभ्या चौकटीला पुढे-मागे तीन फूट जागा पुरते.

रुंद माग प्रार्थनागृहात. जकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) वर बसवलं की दहा-बारा फूट उंची लागते, तुमच्याकडे अठरा आहे, म्हणजे चैन. मागाला साडेसहा-सात फूट रुंदी, दोन मागांत अडीच फूट वाट धरली तर एका मागाला साडेनऊ फूट. ५० फुटांत पाच बसतात. चारच बसवा, उरलेलं टोक बीम आणायला-न्यायला. वीस फूट रुंदीत दोन रांगा कागदावर बसतात, पण मागच्या बाजूला दोन फूट मोकळे सोडले की मधली वाट दोन फुटांवर येते. त्यापेक्षा एका बाजूला चार माग, समोरच्या बाजूला ताण्याचा ड्रम आणि कांड्या भरायचे चरखे.

खड्डामाग, म्हणजे विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो तो माग, हवा असेल तर एक नियम पाळा. खड्डा जितका खोल, भिंतीपासून निदान तितकं अंतर. अडीच फूट खोल असेल तर अडीच फुटांच्या आत भिंत नको, नाहीतर पायाखालची माती सुटते. आतून वीट-चुना लावा आणि तळाला एका कोपऱ्यात वाटीएवढा खळगा ठेवा, पावसाळ्यात झिरपलेलं पाणी तिथून टिपता येतं. पावड्यांच्या (पायाने दाबायच्या पट्ट्यांच्या) दोऱ्या ओलीत कुजतात, हे विसरू नका. जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा दोन फुटांनी तरी वर नसेल तर खड्डामाग नकोच, जमिनीवर उभ्या चौकटीचा माग बरा.

उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की सुती ताणा काचेसारखा तुटतो. विणायला हवेत साधारण ६५ ते ७५ टक्के आर्द्रता असावी. एक साधा हायग्रोमीटर मागाजवळ, तारेच्या उंचीला लावा. भिंतीवर लावलात तर भिंतीची ओल मोजाल. गवताचा कूलर लावा, वारा ताण्यावर थेट येऊ देऊ नका. फरशीवर पाणी शिंपडलं तर चालतं, भिंतीवर नाही. पावसाळ्यात कूलर बंद, तेव्हा उलटं होतं, लाकूड फुगून फणीचा हात्या अडकतो. संध्याकाळी उठताना ताणा सैल करायचा. ताठ ठेवला तर सकाळी कडेच्या तारा तुटलेल्या मिळतील.

खळ, म्हणजे ताण्याला लावायची कांजी: दहा किलो सुताला एक ते दीड किलो तांदळाचं पीठ, शिजवून, त्यात पन्नास-शंभर मिली गोडेतेल. मेमध्ये उरलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते, आंबलेली वापरली तर सुताला वास आणि बुरशी. त्या दिवसापुरतीच करा.

यंत्रमाग_७६

एवढं सगळं करून चार हातमाग? १८ फुटी हॉलमध्ये सहा यंत्रमाग टाका, भाडं सुटेल. अक्कलकोट रोडला काय चालतंय बघा की.

धोटा_फणी

अण्णा, अक्कलकोट रोडचं शेड यंत्रमागासाठीच बांधलंय. यंत्रमाग मिनिटाला शंभराहून जास्त ठोके मारतो, प्रत्येक ठोक्याला शेकडो किलोचं बीड हलतं. काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलेला असतो तो. इथे खाली शहाबादी आणि मुरूम, बाजूला चुन्याचा सांधा. वर्षभरात सांधे भुगा होऊन खाली येतील, आणि ती खिडकीची भेग आहेच. शिवाय हातमागाचा शिक्का लावून विकायचं असेल तर मोटर लावता येत नाही.

चुनाघाणी

+१. दुसरं म्हणजे वरच्या मजल्यावर माग काय, सुताची पोतीसुद्धा नकोत. राहायच्या जागेची फरशी चौरस मीटरला २०० किलो धरून बघतात, कारखान्याची ५०० पासून पुढे. तुमची ८ बाय १० ची खोली साडेसात चौरस मीटरची. म्हणजे सगळं सारखं पसरलं तर दीड हजार किलो. पन्नास किलोची तीस पोती एका भिंतीला रचली की तो हिशेब तिथेच मोडला, कारण भार दोन तुळयांवर गेला. आणि हे तुळया ठणठणीत असतील तर. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी तपासा. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर आत वाळवी किंवा कूज. हातोडीने वाजवा, भरीव लाकूड टण्ण वाजतं, पोकळ बद्द. कौलातून गळणारा भाग आणि त्याखालचं टोक, ही जोडी हमखास सापडते.

वर शिलाई, डिझाइनचे आलेख काढणं, ठशांचं कोरीवकाम, कार्यालय. एवढंच.

पक्का_रंग

रंगाईचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. या वास्तूत रंगाई करू नका. का ते आकड्यांत सांगतो.

दहा किलो सुती लडी, थंड पाण्याचा रिअॅक्टिव्ह रंग, २ टक्के छटा. वीसपट पाणी म्हणजे २०० लिटर. रंग २०० ग्रॅम. मीठ लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे १० किलो. सोडा अॅश लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे ३ किलो. रंगवून झालं की दोन गार धुवण, एक उकळतं साबणाचं, परत दोन धुवण. प्रत्येकी २०० लिटर. एकूण १२०० लिटर पाणी, आणि त्यात घातलेलं तेरा किलो मीठ-सोडा सगळंच्या सगळं गटारात. सुतावर रंग राहतो, मीठ राहत नाही. लिटरला जवळजवळ ११ ग्रॅम विरघळलेले क्षार. बाहेर सोडायच्या पाण्याची परंपरागत मर्यादा २१०० मिलिग्रॅम, म्हणजे पाचपट. तुरटी टाकून गाळ बसवला की रंग उतरतो, पाणी स्वच्छ दिसतं, मीठ तसंच. ते साध्या टाकीने निघत नाही. प्रदूषण मंडळाची संमती लागते ती वेगळीच.

आणि वर चुनाघाणींनी लोणा कसा चढतो ते सांगितलंय ना? हे तेरा किलो मीठ रोज फरशीवर सांडलं, शहाबादीच्या सांध्यातून खाली मुरलं, भिंतीने वर ओढलं, तर दोन वर्षांत लोणा तुम्ही स्वतः पेरलेला असेल.

पाण्याचाही प्रश्न आहे. नळाला रोज पाणी नाही, आडाचं जड. जड पाण्यातला कॅल्शियम सोड्याशी मिळून पांढरा साका करतो, लडीवर ठिपके येतात, छटा मंद पडते. लिटरला एक-दोन ग्रॅम सिक्वेस्टरिंग एजंट (कॅल्शियमला बांधून ठेवणारं रसायन) टाकतात, पण मुळात पाणी तपासून घ्या.

सूत बाहेरून रंगवून आणा. संमती आणि शुद्धीकरणाची सोय असलेल्या रंगाईकडे, लडीवर, लॉट नंबर लिहून. एका वॉल हँगिंगला लागणारा प्रत्येक रंग एकाच लॉटचा, नाहीतर मधेच पट्टा दिसतो. इथे फक्त नमुन्याची रंगाई ठेवा, शंभर ग्रॅम लडी, दोन लिटर पाणी, स्टीलचं भांडं. धुवण ड्रममध्ये साठवा आणि रंगाईकडेच परत पाठवा.

दगडी_जोतं

पटलं. पण नमुन्यासाठी व्हॅट रंग ठेवावे लागतील. चादरीला तेच मागतात, ते पक्के असतात म्हणून. त्यांना लागणारा हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर) कुठे ठेवू?

पक्का_रंग

हायड्रोला ओल लागली की तो आपोआप तापतो, धुमसतो, पेटतोही, आणि गंधकाचा वायू सोडतो. त्यामुळे तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत अजिबात नाही. सुताजवळ नाही. मूळ पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर सुटा. वरच्या मजल्यावर गळक्या कौलाखालीही नाही. घ्यायचा तोच किलोभर घ्या, पन्नास किलोचा ड्रम स्वस्त पडतो म्हणून आणू नका. कोरड्या चमच्यानेच काढायचा. ओला चमचा हे इथलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट चुकीचं काम. समजा धूर निघालाच, तर तांब्याभर पाणी शिंपडू नका, त्याने भडकतो. माणसं बाहेर, आणि भरपूर, धो धो पाणी, लांबून. कॉस्टिक वेगळ्या कपाटात, अॅसिडपासून लांब.

फ्यूज_उडाला

विजेचं. जोडभार मांडतो: शिलाईच्या सहा मशिनी, सर्वो मोटर ५५० वॅट, ३.३ किलोवॅट. दोन इस्त्र्या २. दिवे-पंखे २. चार कूलर ०.८. सुतारकामाला दीड आणि दोन अश्वशक्ती मिळून २.६. कुंभारकामाची विजेची भट्टी ६. एकूण १६.७ किलोवॅट. थ्री फेज घ्या. भट्टी एकाच फेजवर टाकली तर २६ अँपिअर ओढते, बाकीच्यांचे दिवे मंदावतात. थ्री फेजची भट्टी घ्या, नसेल तर त्या फेजवर दुसरं जड काही नको. तिला स्वतःचा ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर.

प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी, वेगळा सब-मीटर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). सब-मीटर नसेल तर इस्त्रीवाला आणि कोरीवकामवाला सारखं बिल भरतात आणि तिसऱ्या महिन्यात भांडण.

वायरिंग भिंत खोदून नको. पाइप वरून, क्लॅम्प चुन्याच्या सांध्यात, दगडात नाही. दगडात भोक पडलं की बुजत नाही, सांधा बुजतो. माग असलेल्या हॉलमध्ये बंद दिवे लावा, सुताची लव उघड्या पट्टीवर साचते आणि ती पेटायला ठिणगी पुरते. आठवड्याला वरून खाली झाडायचं. जिन्याजवळ, हॉलच्या दोन्ही दारांशी सहा किलोचे एबीसी अग्निशामक.

रंधा_पटाशी

सुतारकाम जेवणघरात नको, मागांच्या भिंतीला भिंत लागून असणार असं धरतो. सँडरची बारीक धूळ सुतात बसली की धुऊनही निघत नाही. आपल्याकडे बरेच महिने वारा पश्चिम-नैऋत्येचा. म्हणून सुतारकाम आवाराच्या पूर्वेला, मोकळ्या शेडमध्ये. डस्ट कलेक्टरची पिशवी शेडच्या बाहेर.

जेवणघर ब्लॉक प्रिंटिंगला द्या. १६ फुटी रुंदीत साडेतीन फुटी टेबलांच्या दोन रांगा आरामात बसतात, लांबी सहा मीटर ठेवा म्हणजे साडी अखंड पसरते. टेबलावर गोणपाट, त्यावर ब्लँकेट, त्यावर धुवायला सुटं सुती कापड. टेबलाचे पाय समपातळीत घ्या, शहाबादी कुठेच सपाट नसते.

चाक_आवा

भट्टी सुट्या स्वयंपाकघरात, हे ठरलेलंच दिसतंय. धुराडं आहे म्हणून लाकडाची भट्टी नको, आतला जुना चुना आणि काजळी बघितल्याशिवाय तर नाहीच. विजेच्या भट्टीलाही पहिल्या टप्प्यात वाफ बाहेर जायला वाट लागते. लाकडी छतापासून निदान तीन फूट, भिंतीपासून दीड फूट. भांडी कोरडी नसतील तर १०० अंशांच्या आसपास फुटतात, म्हणून तासाला ५०-६० अंशांनी चढवा, ६०० च्या पुढे घाई चालेल. टेराकोटा ९०० ते १००० अंशांत भाजून निघतो. काळी माती एकटी वापरू नका. वाळताना आकसून तडकते. तिच्यात गाळाची माती आणि बारीक वाळू.

कलम_छत्तीस

कागदांचं. वास्तू सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ३६. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. परवानगी नसलेला करार उभा राहत नाही. तीन वर्षांच्या आतला लिव्ह अँड लायसन्स सोपा वाटतो, पण चुन्याच्या दुरुस्तीवरच एक वर्ष जाणार असेल तर ३५ महिन्यांत काय हाती लागणार? दीर्घ मुदत मागा, परवानगीला वेळ लागेल हे धरून चाला. लिव्ह अँड लायसन्स असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी करावीच लागते.

करारात तीन गोष्टी नावानिशी लिहा. दुरुस्तीचा खर्च कुणाचा आणि भाड्यातून वळता होणार का. कारागिराने सोडताना भोकं चुन्यानेच बुजवायची, सिमेंटने नाही. आणि रंगाई, जड यंत्रं, लाकडाची भट्टी यांना मनाई, कुठल्याही पोटभाडेकरूला लागू. वास्तू वारसा यादीत आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात बघा, सही करायच्या आधी.

अंगण_घंटा

प्रार्थनागृहाबद्दल एक. कॅथलिक असेल तर चर्चच्या कायद्यातलं कलम १२२४ सांगतं की प्रार्थनागृह इतर कामाला वळवायचं तर धर्माधिकाऱ्याचा अधिकार लागतो. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. आणि वेदी वेगळी. कलम १२३८ प्रमाणे वास्तूचा वापर बदलला तरी वेदीचं पावित्र्य आपोआप संपत नाही. त्यामुळे वेदीचं काय करायचं हे त्यांनीच ठरवून, त्यांच्याच हातून हलवून मगच माग आत न्या. तिला टेबल म्हणून वापरायची कल्पना कुणी काढेल, आधीच थांबवा.

बाहेरची उदाहरणं हवी असतील तर फ्लॉरेन्सचं ले मुराते: आधी कॉन्व्हेंट, मग तुरुंग, आता घरं आणि सांस्कृतिक जागा. जवळचं म्हणाल तर जुन्या गोव्यातलं सांता मोनिका, सतराव्या शतकातलं, तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. 

सुई_दोरा

शिलाई वर ठेवणार असाल तर जिना बघा. अडीच फुटी जिन्यावरून मशीनचं टेबल वळत नाही, पाय सोडवून न्यावं लागतं. मशिनी तुळईच्या वर, दोन तुळयांच्या मधल्या फळीवर नाहीत. फळी थरथरली की टाका सुटतो आणि दोष मशीनला दिला जातो. उत्तरेची खिडकी असलेली खोली रंग जुळवायला राखून ठेवा, तिथे कुणालाच बसवू नका.

स्वच्छतागृह मुख्य भिंतीला चिकटवून बांधू नका. बायका कामाला असणार, दोन तरी त्यांची.

दगडी_जोतं

सगळ्यांचे आभार. आता आराखडा असा धरतो: प्रार्थनागृहात चार माग एका रांगेत, समोर ताणा. खालच्या खोल्यांत उभ्या चौकटी आणि चपटं सामान, सूत जमिनीपासून फूटभर वर फळीवर. जेवणघरात ब्लॉक प्रिंटिंग. स्वयंपाकघरात भट्टी. सुतारकाम पूर्वेच्या शेडमध्ये. वर शिलाई आणि कोरीवकाम. रंगाई बाहेर.

एकच राहिलं. प्रार्थनागृहात टाळी वाजवली तरी आवाज घुमतो. चार मागांचा खटखटाट आठ तास कसा सोसायचा?

धोटा_फणी

चादरी लावा की! दगड, फरशी, उंच छत, सगळं कडक, म्हणून घुमतं. जाड चादरी भिंतीपासून चार इंच सुट्या, दांडीवर, चुणीदार टांगा. ताणून सपाट लावल्या तर अर्धं काम होतं. आधी मागांच्या पाठीमागच्या भिंतीवर, कानाच्या उंचीपासून वर आठ फूट. त्याच चादरी विक्रीचा नमुना म्हणून चालतात, फक्त दर दोन महिन्यांनी बदला, खिडकीसमोरच्या तर महिन्याला. चौकटीच्या पायाखाली रबराचे तुकडे घाला, धोट्याच्या पेटीत चामड्याचा नवा तुकडा. आणि लेबल लावणार असाल तर लक्षात असू द्या, सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या.

चुनाघाणी

चादरी टांगा, पण दांडीचे हूक सांध्यात. आणि लोणा असलेल्या भिंतीवर पहिलं वर्ष नको, भिंतीला वारा लागू द्या. काचेची पट्टी लावली का?

दगडी_जोतं

उद्या लावतो.

चुनाघाणी

दोन लावा. एक भेगेच्या वरच्या टोकाला, एक खालच्या. कुठली आधी फुटते त्यावरून कळतं कुठलं टोक हलतंय.